एका फुटावरचं पाणी

सरजाबाई माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली तेव्हा तिनं नमस्कारसुद्धा केला नाही. काखेतली रिकामी घागर कीबोर्डाच्या शेजारी ठेवली, पदरानं कपाळ पुसलं आणि विचारलं, "पंचशीला सोनकांबळे तूच का?"

"हाव."

"मग आमच्या पाटखेड्याला एका फुटावर पाणी हाय, असं तूच लिवलंस?"

मी म्हटलं, मावशी, आधी बसा. तर म्हणाली, बसायला न्हाई आले. जळकोटच्या पलीकडच्या त्या गावाहून तीन गाड्या बदलून नांदेडला आली होती बाई. घागर कशाला आणली विचारलं तर म्हणे, नांदेडला नळ हाय, रिकाम्या हातानं परत का जाऊ?

तेव्हा लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती आणि दुष्काळाचं हे लागोपाठ तिसरं वर्ष होतं. आमचं विहीर-पाहणीचं कार्यालय नांदेडला, पण काम दोन्ही जिल्ह्यांचं. गावोगावच्या विहिरी आणि बोअर मोजायच्या, पाणी किती फुटांवर गेलं ते नोंदवायचं. त्यावरून टँकर कुठं जाणार ते ठरायचं. मोजणीचे कागद माझ्याकडं यायचे, मी ते मशीनमध्ये भरायची आणि लातूरच्या गावांचे आकडे फ्लॉपीवर तिकडच्या कार्यालयाला पाठवायची. मशीन म्हणजे फ्रीजएवढा पांढरा डबा, एसीच्या खोलीत बसणारा. मी रोजंदारीवर. डब्याला थंडावा, मला टेबल-फॅन.

"पाटखेडा," मी कागद काढला. "दोनशे छप्पन फूट. हे बघा, मावशी."

"मला वाचता येत न्हाई, पण आकडा खरा हाय. तुमचा नरसिंग आला तवा मीच व्हते तिथं. त्याची दोरी अडीचशे फूट. संपली तरी खालून आवाज येईना. मग माझ्या घागरीचा दोर सोडून दिला, सहा फूट बांधला, तवा कुठं पळक वाजलं."

नरसिंग आमचा मोजणीवाला; त्याच्या दोरीच्या टोकाला लोखंडी वाटी असायची, पालथी. पाण्याला टेकली की पळक करायची. म्हणजे अडीचशे आणि सहा. कागदावर तेच होतं, मी भरलं तेच. मग एक फूट कुठून आलं?

"लातूरच्या हापिसात कागद दावला मला," सरजाबाई म्हणाली. "पाटखेडा, एक फूट. एका फुटावर पाणी असलेल्या गावाला टँकर कशाला, म्हणाले. आठ दिस झाले बंद होऊन. दोन कोस लांबून नदीच्या वाळूत झिरा खोदून आणून राहिलो आम्ही. पोरं हगवणीनं पडलीत. साहेबानं सांगितलं, आकडा नांदेडचा हाय, तिकडंच विचारा."

तेवढ्यात शेषेराव साहेबांनी आत बोलावलं. आमचे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण वरून कागद आला की त्यांचा कणा मऊ पडायचा. त्यांच्या हातात लातूरचं पत्र होतं आणि पत्राला जोडलेली छापील यादी.

"सोनकांबळे बाई, काय भरलंय हे? अकरा हजार फुटांवर पाणी? पंधरा हजार? आणि हे बघा, उणे एकोणतीस हजार. म्हणजे पाणी आभाळात. लातूरवाले हसून राहिलेत आपल्याला."

"साहेब, मी असं भरलेलं नाही. आपल्या मशीनवर बघा."

"आपल्या मशीनवर बरोबर दिसतंय म्हणून काय झालं? गावांची नावं लातूरला बरोबर पोचली. एकही अक्षर चुकलं नाही. मशीन चुकलं असतं तर नावंही चुकली असती ना? नावं बरोबर, आकडे चूक. म्हणजे आकडे भरणारा चूक." आणि वर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

मला लई राग आला. आमच्या घरात टेबलाच्या या बाजूला बसणारी मी पहिली. त्यामुळं काही चुकलं की लोक आकडा बघत नव्हते, आडनाव बघत होते. पत्रात शेवटी लिहिलंच होतं की पुढच्या महिन्यापासून योग्य माणूस नेमावा. पण खरं सांगते, त्या रागाच्या खाली दुसरंच काहीतरी खाजवत होतं. नावं बरोबर आणि आकडे चूक, हे कसं? साहेबांचा प्रश्न चांगला होता. उत्तर तेवढं त्यांनी घाईनं काढलं होतं.

यादी घेऊन मी बाहेर आले. सरजाबाई माझ्या खुर्चीत बसली होती. मी तिच्या शेजारी स्टूल ओढलं आणि माझे कागद एका बाजूला, लातूरची यादी दुसऱ्या बाजूला ठेवली.

यादीत लातूरच्या कोणीतरी लाल पेन्सिल चालवली होती. हजाराच्या वरचे आकडे खोडलेले. उणे आकडे खोडलेले. खोडलेल्या गावांपुढं शेरा: मागील महिन्याप्रमाणे टँकर चालू ठेवावा. सगळ्या यादीत दोनच आकडे न खोडलेले राहिले होते. तळ्याची वाडी, दोनशे सत्तावन्न. आणि पाटखेडा, एक.

"म्हणजे ज्यांचं चुकलं त्यांचा टँकर चालू," सरजाबाई म्हणाली.

"हाव."

"आन् आमचं चुकलं न्हाई दिसलं म्हणून बंद."

मी कागद जवळ ओढले. आकडे घेतले. एका गावाचे माझ्याकडं पंचेचाळीस, लातूरला अकरा हजार पाचशे वीस. दुसऱ्याचे साठ, तिकडं पंधरा हजार तीनशे साठ. भागून बघितलं. पहिला भागाकार आला दोनशे छप्पन. दुसराही दोनशे छप्पन. अडतीसवाल्या गावाचे नऊ हजार सातशे अठ्ठावीस झाले होते, भागले, तर तेच. सरळ दोनशे छप्पन पट. चुकून बोट पडणारी बाई प्रत्येक गावाला दोनशे छप्पननं गुणून कशाला भरेल? एवढे गुणाकार येत असते तर मी रोजंदारीवर असते का?

पण मग पाटखेडा? तिथं दोनशे छप्पनचा एक झाला होता. गुणाकार नाही, उलटा भागाकार. आणि तळ्याची वाडी तर जशीच्या तशी पोचली होती, दोनशे सत्तावन्नचे दोनशे सत्तावन्न. एक गाव वर गेलं, एक खाली आलं, एक जागचं हललं नाही. टिफिन तसाच राहिला. सरजाबाईनं दोनदा विचारलं, काही सापडलं का? मी दोनदा न्हाई म्हटलं.

आमच्या शेजारच्या खोलीत जुनं दफ्तर होतं, निजामाच्या काळातलं, सगळं उर्दूत. ते वाचून सांगायला धोंडप्पा काकांना निवृत्तीनंतरही ठेवलं होतं. शाळा उर्दूत झालेली, बोलणं निम्मं तसलंच. त्या दुपारी एक नवा तलाठी त्यांच्याकडून विहिरीची जुनी नोंद शोधून घेत होता. काकांचा आवाज भिंतीपलीकडून आला.

"अरे बाबा, पान बरोबर हाय. किताब उलटी उघडलीस तू. ही इकडून सुरू होते, उजवीकडून. तू आखरीचं पान पहिलं धरून बसलास."

"पण यावर पान एक असा शिक्का आहे," तलाठी म्हणाला.

"तो शिक्का तुझ्यासारख्याच एकानं मारलाय. पोलीस ॲक्शननंतर नवा कारकून आला, उर्दूचा गंध न्हाई. मराठी वहीसारखी डावीकडून उघडली सगळी दफ्तरं आन् ठोकत गेला शिक्के, एक, दोन, तीन. एका पानावरची अक्षरं न्हाई बदलली. फक्त कोणतं पान आधी आन् कोणतं मागून, तेवढं फिरलं. त्या पायी माणसांच्या जमिनी फिरल्या."

मी स्टुलावरून उठले. मशीन बसवायला आलेला माणूस मला एक गोष्ट सांगून गेला होता, जी मी नुसती पाठ केली होती: मशीनच्या एका घरात दोनशे पंचावन्नपर्यंतच मावतं. मोठा आकडा असेल तर दोन घरं लागतात. एका घरात, दोनशे छप्पन किती वेळा भरले ते. दुसऱ्यात, वर किती उरले ते.

"काका," मी दारातनंच विचारलं, "दोनच पानांची नोंद असली, आन् किताब उलटी उघडली, तर?"

"तर दुसरं पान पहिलं होईल, पहिलं दुसरं. आणखी काय?"

"आन् दोन्ही पानांवर एकच मजकूर असला तर?"

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "तर बेटी, कुठूनही उघड. वाचणाऱ्याला पत्ता लागणार न्हाई."

परत येऊन मी पाटीवर मांडल्यासारखं मांडलं. पंचेचाळीस म्हणजे पहिल्या घरात शून्य, दुसऱ्यात पंचेचाळीस. उलटं वाचलं तर पंचेचाळीस वेळा दोनशे छप्पन. अकरा हजार पाचशे वीस. पाटखेडा म्हणजे पहिल्या घरात एक, दुसऱ्यात शून्य. उलटं वाचलं तर पहिल्यात शून्य, दुसऱ्यात एक. एक फूट. आणि तळ्याची वाडी: एक वेळा दोनशे छप्पन आणि वर एक. दोन्ही घरांत एकच. कुठूनही उघडा.

नावांचं पण तिथंच सुटलं. नावातलं प्रत्येक अक्षर एकाच घरात मावतं, एका पानाची नोंद. एक पान उलटं कसं लागणार? आमचं मशीन मोठं घर आधी ठेवत होतं, लातूरचं या महिन्यात आलेलं नवं मशीन धाकटं घर आधी समजत होतं. दोघंही आपापल्या जागी खरे. मधे कोणी विचारलंच नव्हतं की बाबा, तू किताब कुठून उघडतोस.

मला हसूच आलं. त्या आनंदात मी सरजाबाईचा हात धरला. ती म्हणाली, "हसून राहिलीस, म्हणजे सापडलं. आता टँकर सांग."

शेषेराव साहेबांना काही ते पूर्ण पटलं नाही. पण माझ्यामुळं त्यांचंही नाक कापलं जात होतं, म्हणून म्हणाले, जा लातूरला, त्यांनाच पटवून दाखव. रात्री सरजाबाई आमच्या घरी मुक्कामाला राहिली. निघताना मी कार्यालयातून आणलेली नरसिंगची दोरी पिशवीत कोंबली.

"ही कशाला?" तिनं विचारलं.

"मशीननं न्हाई पटलं तर हिनं पटवू."

सकाळची गाडी. लोहा, अहमदपूर, चाकूर. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी अर्धा तास उभी होती. सरजाबाईनं भरलेली घागर मांडीवर धरली होती, नांदेडपासून. शेजारचा माणूस म्हणाला, मावशी, लातूरला पाणी न्हाई का? ती म्हणाली, असंल, पण त्यांच्या कागदावर असंल.

लातूरच्या कार्यालयाला अजून चुन्याचा वास येत होता. मशीन सांभाळणारे विरूपाक्ष स्वामी निलंग्याकडचे, वयानं माझ्याएवढेच, इस्त्रीचा शर्ट. त्यांचं मशीन टेबलावर मावणारं, नवं कोरं. त्यावर प्लास्टिकची टोपी होती, तिच्यावरची धूळ ते रुमालानं झटकत होते.

"नांदेडच्या ऑपरेटर तुम्हीच का?" ते म्हणाले. "बाई, मशीनला दोष देऊन कसं चालेल? नावं तर बरोबर आलीत."

हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होते. यावेळी चिडले नाही. चिडून सांगितलं असतं तर त्यांनी बाईचा राग ऐकला असता, हिशोब ऐकला नसता.

"स्वामी साहेब, मी काही सांगत नाही. या फ्लॉपीत मी काल एकच ओळ भरून आणलीय. गावाचं नाव परीक्षा, आकडा दोनशे अठ्ठावन्न. आमच्या मशीनवर भरलाय. तुमचं मशीन काय दाखवील ते मी या चिठ्ठीत लिहून ठेवलंय. चिठ्ठी मावशीच्या हातात देते. तुम्ही आधी मशीन बघा."

त्यांना गंमत वाटली. फ्लॉपी घातली. मशीन जरा कुरकुरलं आणि पडद्यावर ओळ आली. परीक्षा, पाचशे तेरा.

सरजाबाईनं चिठ्ठी उघडून त्यांच्यापुढं धरली, उलटी. स्वामींनी ती सुलटी केली. पाचशे तेरा.

मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, "कसं?" त्या एका शब्दासाठी मी त्यांना बाकी सगळं माफ केलं. त्यात ना आडनाव होतं ना नांदेड. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

मी दोन घरं काढली. एक आणि दोन. एक वेळा दोनशे छप्पन, वर दोन. उलटं केलं. दोन वेळा दोनशे छप्पन, वर एक. पाचशे तेरा. धोंडप्पा काकांची किताब सांगितली. ते मधेच थांबवून म्हणाले, "म्हणजे तळ्याची वाडी..." आणि स्वतःच मांडून बघितली, एक आणि एक. पोरासारखे हसले. अर्ध्या तासात त्यांनी घरांची अदलाबदल करणाऱ्या चार ओळी लिहिल्या आणि आमची सगळी फाईल त्यातून पुन्हा काढली. पंचेचाळीस, साठ, अडतीस. स्वामी म्हणाले, बत्तीस हजारांच्या वर गेलेला आकडा मशीन उणे वाचतं; ते आभाळातलं पाणी एकशे चाळीस फुटांवर उतरलं. पाटखेडा, दोनशे छप्पन.

त्यांनी पेन्सिल हातात घेतली आणि जुन्या यादीतल्या एका फुटाकडं बघत राहिले. लाल पेन्सिल त्यांचीच होती.

आता सरजाबाईनं विचारलं, "साहेब, पंधरा हजार फूट खोटं हाय हे तुम्हाला इथं बसून कळलं?"

"हो."

"आन् दुष्काळात एका फुटावर पाणी, हे खरं वाटलं?"

"आकडा..." स्वामी म्हणाले. "आकडा बरा दिसत होता, मावशी."

"बरा दिसला म्हणून कोणी बघायला आलं न्हाई. एक फूट व्हतं ना? दोरी पण लागली नसती. हात घालून बघायचं."

त्यांनी मान खाली घातली. मलाही त्या क्षणी माझ्या हुशारीचं काही वाटेना. आठ दिवस त्या गावात पोरं झिऱ्याचं पाणी पिऊन आजारी होती आणि मी कालपासून भागाकार लागल्याच्या आनंदात होते.

टँकरचा हुकूम काढणारे वरचे साहेब म्हणाले, मशीन काल एक म्हणालं, आज दोनशे छप्पन म्हणतंय. उद्या काय म्हणेल? बोअर मोजून या, सही करतो. त्यांचंही चुकीचं नव्हतं. स्वामींनी जीप मागितली आणि आम्ही तिघं निघालो, दोरी माझ्या पिशवीत.

पाटखेड्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. शाळेजवळच्या बोअरभोवती बायका जमल्या. सरजाबाईनं नांदेडची घागर एका बाईकडं दिली, म्हणाली, आधी आजारी पोरांना. मग पिशवीतून दोरी काढून स्वामींच्या हातात ठेवली.

"तुम्हीच सोडा, साहेब."

स्वामींनी बाह्या वर केल्या. वाटी आत सोडली. दर पाच फुटांवर रंगाची खूण होती, ते मोठ्यानं मोजत होते. शंभर. दीडशे. दोनशेला तळहात लाल झाले. अडीचशेला दोरी संपली आणि खालून काही आवाज नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. सरजाबाईनं घरातून आपला दोर आणला, गाठ मारली. बायकांचा गलबला थांबला. मी फूटपट्टी लावत गेले तशी ती दोर सोडत गेली, एकेक फूट. सहा फूट गेला. आवाज नाही. आणखी एक फूट.

पळक.

"दोनशे सत्तावन्न," स्वामी म्हणाले आणि वहीत लिहायला लागले. लिहिता लिहिता हात थांबला. मलाही त्याच वेळी उमगलं. पहिल्या घरात एक, दुसऱ्या घरात एक.

"काय झालं?" सरजाबाईनं विचारलं. "सांग की ग. आणखी काही चुकलं का?"

खोटं बोलावं असं मनात येऊन गेलं. पण तिनं तीन गाड्या बदलून विचारायला यायचं आणि मी लपवायचं, हे बरं नव्हे.

"मावशी, नरसिंग आला त्या दिवशी पाणी आजच्याइतकं खाली असतं, आणखी एकच फूट, तर तुमचा आकडा उलटा वाचूनसुद्धा बरोबर आला असता. तळ्याच्या वाडीसारखा. टँकर बंद झालाच नसता."

तिनं दोर वर ओढायला सुरुवात केली. हात एकामागून एक, सवयीनं. सगळा वर आला. मग तिनं वाटीला लागलेले चार थेंब जमिनीवर झटकले.

"म्हणजे एक फूट पाणी जास्त व्हतं," ती म्हणाली, "म्हणून आम्हाला पाणी भेटलं न्हाई."

टँकर दुसऱ्या दिवशी सकाळी नवाला आला. माझी नोकरी राहिली, पुढं कायमही झाली. दोन्ही कार्यालयांत ठरलं की फाईल पाठवताना पहिली ओळ नेहमी दोनशे अठ्ठावन्नची भरायची. तिकडं पाचशे तेरा दिसले तर समजायचं, किताब उलटी उघडलीय. हे स्वामींनी सुचवलं. दुसरा नियम मी सुचवला, तो लिहून घ्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मी माझ्यापुरता पाळला. नोकरी संपेपर्यंत यादीत जो आकडा बरा दिसायचा, त्या गावाला मी आधी माणूस पाठवायची, दोरी घेऊन.